ब्याऐंशीची रांग

फरिदाचाची कुठल्याही शेअरला त्याच्या कंपनीच्या नावाने हाक मारत नाहीत. त्यांच्याकडे एक टायरवाला आहे, एक रंगवाला आहे, एक गोळ्यावाली आहे. "आज गोळ्यावाली रुसलीय, काल किती हसत होती," असं त्या जिन्यात म्हणाल्या, तेव्हा माझ्या आईला वाटलं की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधल्या मुलीचं काहीतरी बिनसलंय. आईने दोन दिवस त्या मुलीशी फार मायेने बोलून घेतलं.

पनवेलच्या खांदा कॉलनीत चाची आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. माहेर उरणचं, घरात मासळीचा व्यापार. लग्न होऊन पनवेलच्या मोहल्ल्यात आल्या आणि वर्षभरातच मुबारकचाचा कुवेतला गेले, तिथल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये. पुढे त्या कमाईतून हा फ्लॅट झाला, सासूबाईंची दुखणी निघाली, आलियाची शाळा झाली. आलिया ही त्यांची मुलगी आणि माझी मैत्रीण. ती पुण्याला शिकायला गेली तेव्हा मी इंजिनिअरिंग संपवून नोकरीची वाट बघत होते. आमच्या घरी इंटरनेट नव्हतं, चाचींकडे ब्रॉडबँड होतं. म्हणून बायोडेटा पाठवायला मी वर जायची आणि चाचींच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायची. त्यांचा बाजार सुरू असेपर्यंत बोलायचं नाही, एवढीच अट होती.

चाची शेअरकडे वळल्या त्या व्याजामुळे. म्हणजे व्याज नको म्हणून. शिल्लक पैसे बँकेत ठेवून सूद खायचा नाही, हे त्यांच्या घरात पक्कं. आलियाच्या मामाने सांगितलं, की शेअर म्हणजे धंद्यातली भागी, त्यात नफा-नुकसान दोन्ही आपलं, त्याला हरकत नाही. चाचींनी त्यावरही आपली चाळणी लावली. बँकेचा शेअर नको. दारूवाला नको. आणि ज्या कंपनीचा माल आपल्या डोळ्यांनी बघितला नाही, तीही नको.

सुरुवातीला त्या टपाल नाक्याजवळच्या एका ब्रोकरच्या ऑफिसात जात. रेडिमेड कपड्यांच्या दुकानावर एक खोली, भिंतीला स्क्रीन, समोर खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांत सकाळपासून बसलेले पुरुष. चाची बुरख्यात, हातात भाजीची पिशवी. ऑर्डर टाकायला कृष्णकांत नावाचा ऑपरेटर होता. माणूस चांगला, पण घाईचा.

"भाभी, एकशेदहा चालू आहे. शंभर घेऊ?"

"घ्या."

घेतले. चाचींनी कागद बघितला. थोडे एकशेदहाला आले होते, थोडे एकशेअकराला आणि उरलेले एकशेबाराच्याही वर.

"एकशेदहा म्हणालात ना?"

"ते तेव्हाचं, भाभी. शेअर काय आपल्यासाठी उभा राहतो का?"

"आणि हे असे तुकडे तुकडे का आले?"

"एकशेदहाला विकणाऱ्याकडे थोडेच होते. ते संपले, मग पुढच्याकडून घेतले, तो महाग. मार्केट ऑर्डर म्हणजे मिळेल त्या भावाला. तुम्ही नुसतं 'घ्या' म्हणालात."

चाची त्यावर जिना उतरेपर्यंत विचार करत होत्या आणि उतरल्यावर त्यांना ते समजलं. हे त्यांनीच मला सांगितलंय. स्क्रीनवर जो भाव दिसतो तो शेवटच्या विकल्या गेलेल्या पापलेटचा. ते पापलेट कुणाच्या तरी पिशवीत बसून घरी गेलं. पुढचं पापलेट त्याच भावाला मिळेल असं कोळणीने कुठे कबूल केलंय?

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या आणि कृष्णकांतला म्हणाल्या, "ह्यापुढे भाव मी सांगणार. त्या भावाला किंवा त्याहून कमीला मिळाला तर घ्या. नाहीतर नको."

"मग बसा वाट बघत, भाभी."

"बसते. माझा नवरा कुवेतला आहे, मला वाट बघायची प्रॅक्टिस आहे."

सगळ्या खुर्च्या हसल्या. कृष्णकांतही हसला, आणि तेव्हापासून चाचींची ऑर्डर त्यांच्या भावातच टाकू लागला. पुढे घरी ब्रॉडबँड आलं, त्याच ब्रोकरकडे ऑनलाइन खातं आलं, आणि चाचींना मधला माणूसच लागेना. आलियाच्या शाळेची वेळ, सासूबाईंच्या औषधाची वेळ, कुवेतहून फोन येण्याची वेळ, ह्या सगळ्या वेळा दुसऱ्यांच्या होत्या. सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन ही वेळ मात्र त्यांची झाली. फार मोठी उलाढाल नव्हती. घर चालायचं ते चाचांच्या पगारावरच. पण त्या वेळात त्यांना कुणी "अगं ऐक" म्हणून हाक मारायचं नाही.

दोन हजार बाराच्या दिवाळीनंतर मुबारकचाचा कायमचे परत आले. येताना ऑलिव्ह तेलाचे डबे आणले, खजूर आणला आणि एक अवाढव्य ब्लँकेट आणलं, जे पनवेलच्या हवेत कुणालाही लागणार नव्हतं. पहिला आठवडा पाहुण्यांत गेला. दुसऱ्या आठवड्यात चाचांना दिसलं की आपली बायको सकाळी टेबलाशी बसते ती दुपारीच उठते. बायको शेअरचं काहीतरी करते हे त्यांना माहीत होतं, पण ते वर्षातून एखादा फॉर्म भरण्यासारखं काही असेल, अशी त्यांची समजूत होती. त्यात मोहल्ल्यातल्या मशिदीबाहेर कुणीतरी सहज म्हणालं, "मुबारकभाई, भाभी सट्टा खेळतात म्हणे."

त्या दिवशी चाचा घरी आले ते चप्पल न काढताच.

"फरिदा, हे बंद."

"काय बंद?"

"हे. जुगार."

मी समोर बसले होते. उठावं की बसावं कळेना, म्हणून बायोडेटातला माझा पत्ता पुन्हा पुन्हा तपासत राहिले.

"जुगार म्हणजे काय?" चाचींनी विचारलं.

"पैसे लावायचे आणि आकडा कसा फिरतो ते बघत बसायचं. तो बघ, फिरतोय." चाचांनी स्क्रीनकडे बोट केलं. स्क्रीनवर खरंच फिरत होता. "शुक्रवारी नमाज झाली की टपाल नाक्यावर जातो आणि खातं बंद करून येतो."

"खातं माझ्या नावावर आहे. सही माझी लागेल."

"मग कर सही."

चाचींनी खुर्ची टेबलापासून मागे सरकवली. मग म्हणाल्या, "करीन. पण त्याआधी उद्या पूर्ण दिवस माझ्या शेजारी बसा. साडेतीनला तुम्हाला मनापासून वाटलं की हा जुगार आहे, तर मी एक शब्द बोलणार नाही. शुक्रवारी स्वतः येते सही करायला."

"कबूल."

"प्राजक्ता पंच," चाची म्हणाल्या. माझं मत कुणी विचारलं नाही.

चाची बोललेला शब्द फिरवत नाहीत हे आख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. चाचांनी उद्या "जुगार" म्हटलं असतं, तर शुक्रवारपासून ते टेबल रिकामं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा चाचा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, जणू कुणाची तरी मुलाखत घ्यायची आहे. त्या दिवशी चाचींच्या मनात होती ती पाइपवाली. विचुंब्याला नणंदेकडे जाताना त्या रिक्षातून बघत आल्या होत्या. नव्या बिल्डिंगा उठत होत्या आणि प्रत्येक बिल्डिंगच्या पायाशी एकाच छापाचे पाइप पडलेले. ओवे गावाकडे गेल्या तर तिकडेही तेच. मग त्यांनी कंपनी शोधली, तिचे मागचे हिशेब वाचले आणि भाव ठरवला. ब्याऐंशी रुपये.

"आता चौऱ्याऐंशीला चाललाय," चाचा म्हणाले.

"चालू दे. मला ब्याऐंशीला पाहिजे."

बाजार उघडला. चाचींनी दोनशे शेअरची ऑर्डर टाकली आणि चाचांना समजावू लागल्या. हे घेणारे, हे विकणारे. प्रत्येकाने आपापला भाव सांगितलाय. जो जास्त द्यायला तयार आहे त्याचा नंबर आधी. एकाच भावाला अनेक जण असतील, तर जो आधी आला तो पुढे. "आपण उघडल्या उघडल्या आलो, म्हणजे ब्याऐंशीच्या रांगेत आपण पुढे. भाव खाली आला तर विकणारे आपल्याला आधी देतील, मागच्यांना नंतर."

मला राहवलं नाही. "चाचा, आम्हाला कॉलेजात हाच धडा होता. जो आधी आला तो आधी सुटला. कॉम्प्युटर कुणाची ओळख बघत नाही."

"पंचाने बोलायचं नसतं," चाचा म्हणाले.

चाचींनी भाव कुठून बदलतात, ऑर्डर रद्द कुठून करतात, तेही दाखवलं. मग काहीच झालं नाही. पाइपवाली चौऱ्याऐंशीच्या आसपास घुटमळत राहिली. चाचांनी तीनदा चहा मागितला. पेपर वाचला. मग म्हणाले, "ह्यात तू करतेस काय? बसूनच तर असतेस."

"तेच करते."

"आणि ब्याऐंशी आलाच नाही तर?"

"तर नाही घेतला. पैसे माझ्यापाशीच आहेत."

चाचांनी पेपरची घडी मोडून पुन्हा घातली. जुगारात पत्ते वाटल्यावर कुणी पैसे असे खिशात ठेवून बसत नाही, एवढं त्यांच्या लक्षात आलं असावं. मी मनातल्या मनात चाचींच्या बाजूने एक गुण टाकला.

दुपारी चाचा मशिदीतून जोहरची नमाज पढून आले. मग चाची आतल्या खोलीत नमाजला गेल्या. त्याच वेळी मला आईने खालून हाक मारली, गॅसवाला आला होता. म्हणजे टेबलाशी राहिले फक्त मुबारकचाचा. पाइपवाली हळूहळू उतरत होती.

मी वर आले तेव्हा चाची नुकत्याच येऊन बसत होत्या आणि चाचांचा चेहरा खुलला होता.

"फरिदा, मी जरा त्यांना नरम केलंय."

"कुणाला?"

"विकणाऱ्यांना. तुला घासाघीस करता येत नाही. एक भाव सांगून बसलीस तर समोरच्याला कळतं ना, की हिला पाहिजेच आहे. मी आपला भाव केला साडेएक्क्याऐंशी. थोडा वेळ तसाच ठेवला. म्हटलं, येऊ दे त्यांना मागे."

इथे सांगायला हवं, की पनवेलच्या मासळी बाजारात मुबारकचाचांचा हात धरणारा कुणी नाही. ते सुरमईचा भाव ऐकतात, आपला भाव सांगतात, आणि कोळणीने मान हलवली की तिच्याकडे पाठ करून दोन पाट्या पुढे जातात. पुढच्या पाटीवरचे बोंबील बघतात. तेवढ्यात मागून हाक येतेच, "अरं ये इकडं, ने, रागावतोस कशाला!" पंचवीस वर्षं कुवेतला काढूनही ही विद्या त्यांच्या अंगातून गेली नव्हती. ती त्यांनी स्क्रीनवर वापरली होती.

"मग?" चाचींचा आवाज बारीक झाला होता.

"मग काय, कुणी हाकच मारीना. भाव तर ब्याऐंशी वीसवर आला. म्हटलं, आता हातचं जाईल. म्हणून परत केला ब्याऐंशी. आहे तसंच आहे सगळं. घाबरू नकोस."

चाचींनी डोळे मिटले. "तौबा," एवढंच म्हणाल्या.

"झालं काय?"

त्यांनी उत्तर द्यायच्या आत पाइपवाली ब्याऐंशीला येऊन टेकली.

चाचा खुर्चीतून अर्धे उठले. "आली! आली, फरिदा! ब्याऐंशी!"

ब्याऐंशीच्या ओळीतला आकडा सरसर कमी होत होता. म्हणजे रांगेतल्या लोकांना शेअर मिळत होते. एकाला मिळाले, दुसऱ्याला मिळाले. आमच्या ऑर्डरपुढे शून्यच. चाचा स्क्रीनच्या इतके जवळ गेले की काचेवर वाफ धरली. मग एकदम चाचींच्या ऑर्डरपुढे आकडा उमटला. अकरा.

आणि पाइपवाली वर निघाली. ब्याऐंशी दहा. ब्याऐंशी पन्नास. त्र्याऐंशी.

"अकरा?" चाचा म्हणाले. "दोनशे मागितले होते!"

"अकरा मिळाले. तेवढ्यावर विकणारे संपले."

"असं कसं? भाव लागला! ब्याऐंशी लागला, माझ्या डोळ्यांनी बघितला! आपण सकाळपासून पहिले होतो! बाजार उघडल्यापासून! ही कसली बेइमानी? कृष्णकांतला फोन लाव. मी बोलतो त्याच्याशी."

"कृष्णकांतने काय केलंय? आपण पहिले होतो. मग तुम्ही उठलात."

"मी कुठे उठलो? दोन पावलं मागे गेलो, परत आलो."

"कुवेतला इकाम्याच्या, त्या राहण्याच्या परवान्याच्या, ऑफिसात रांगेत उभे राहायचात ना? पहाटे जाऊन?"

"राहायचो."

"तिथे मध्येच निघून गेलात आणि अर्ध्या तासाने परत आलात, तर?"

चाचा खुर्चीत मागे टेकले. त्यांना आठवत असणार, कारण थोड्या वेळाने ते स्वतःशीच म्हणाले, "बाथरूमला जाऊन आलो तरी शेवटी उभं करायचे. एकदा एका मिसरीशी, इजिप्तवाल्याशी, माझी मारामारी व्हायची बाकी होती."

चाची चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कितीतरी दिवस बघून, हिशेब वाचून निवडलेला भाव त्यांच्या पुढ्यात येऊन गेला होता आणि नेमका त्याच दिवशी, जेव्हा सगळंच पणाला लागलं होतं. त्यांनी ऑर्डर तशीच ठेवली आणि शेंगदाणे सोलायला घेतले. पाइपवाली वर जात राहिली. शेवटी शहाऐंशीला बंद झाली.

साडेतीन वाजले. स्क्रीनवरचे आकडे थांबले.

"बोला," चाची म्हणाल्या. "जुगार आहे का?"

चाचांचं नुकसान झालं होतं, म्हणजे खरं तर त्यांनीच केलं होतं. रागात माणूस काहीही बोलतो. आणि त्यांनी एक शब्द उच्चारला की चाची शुक्रवारी सही करणार होत्या.

चाचांनी स्क्रीनवरच्या त्या अकरावर बोट ठेवलं. "जुगारात रांग नसते, फरिदा," ते म्हणाले. "माझा नंबर गेला कारण मी हललो. जुगारात असा कुणाचा नंबर जात नाही. तिथे माणसाची चूकच नसते, नुसतं नशीब." मग थांबून म्हणाले, "पण ह्या रांगेत कुणाचा चेहरा दिसत नाही, हे मला पसंत नाही. कुणाशी भांडायचं माणसाने?"

"माझ्याशी भांडा."

"तुझ्याशी भांडून कोण जिंकलंय?"

चाचींनी शेंगदाण्यांचा वाडगा त्यांच्यापुढे सरकवला. मी निकाल जाहीर करायला घेतला, पण दोघांचंही लक्ष माझ्याकडे नव्हतं.

शुक्रवारी नमाज झाल्यावर चाचा टपाल नाक्यावर गेले खरे. कृष्णकांतने मला नंतर सांगितलं. आत आले, खुर्च्यांत बसलेल्या माणसांकडे एक नजर टाकली आणि त्याला म्हणाले, "गिऱ्हाईक माघारी फिरलं तर मागून हाक मारायची काही सोय आहे का तुमच्या ह्या मशीनमध्ये?" कृष्णकांत म्हणाला, "चाचा, हाक मारत नाही, पण भाव जवळ आला की मेसेज पाठवतं." "मग सुरमईवाली बरी," असं म्हणून चाचा निघून आले. खात्याचा विषय त्यांनी काढलाही नाही. मशिदीबाहेर त्या माणसाने पुन्हा सट्ट्याचं बोलणं काढलं, तेव्हा म्हणे त्याला चाचांनी उभं करून रांगेचं सगळं समजावून सांगितलं. तो आता त्यांना टाळतो.

त्या अकरा शेअरचं मात्र चाचांना वेड लागलं. ते घेतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी पाइपवाली नव्वदच्या घरात उघडली आणि चाचा ओरडले, "विक! विक लवकर!"

"कुठून विकू? अजून आपल्या खात्यात आलेच नाहीत. यायला दोन दिवस लागतात."

"सगळे विकतात ना न येता?"

"विकू देत. जी मासळी आपल्या पाटीत पडली नाही ती मी विकत नाही. जुगार जुगार म्हणत होतात, तो हा."

चाचा ओशाळले. पण त्यानंतर दोन दिवस सकाळच्या चहाला पहिला प्रश्न एकच, "आले का?" आणि आले तेव्हा ते विकायचं नाव काढेनात.

पुढच्या आठवड्यात चाचींनी रंगवाल्याची ऑर्डर टाकली. भाव त्यांचा, बाजार उघडल्या उघडल्या. मग दाराची बेल वाजली. सिलेंडर, धोबी, कुणीतरी होतं. चाची उठताना म्हणाल्या, "मी येते. हात लावू नका."

"नाही लावत."

"घासाघीस नाही."

"सांगितलं ना, नाही म्हणून."

चाची दाराशी गेल्या. धोब्याशी बोलणं लांबलं, कारण एक उशीचा अभ्रा हरवला होता. मी टेबलाच्या पलीकडे बसून बघत होते. रंगवाला खाली यायला लागला, चाचींच्या भावापासून जेमतेम रुपयाभर वर. चाचांच्या कपाळाची शीर उडायला लागली. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माऊसकडे. मग दोन्ही हात उचलले आणि काखेत घट्ट दाबून धरले. तसेच बसून राहिले, थंडी वाजल्यासारखे.

चाची अभ्रा घेऊन आल्या.

"हललो नाही हां," चाचा म्हणाले. हात अजून काखेतच होते. "बघ. आपली जागा आहे तिथंच आहे."